अख्पेर आणि अख्पार

आर्मेनियन बोलणाऱ्याला भावाला हाक मारायची असली, तर येरेवानचा माणूस 'अख्पेर' म्हणतो. ज्याचे आजे-पणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मराश, खारपेर्त, आयन्ताब अशा गावांतून बाहेर पडले, तो 'अख्पार' म्हणतो. लिहिताना दोघेही 'येघ्पायर' हेच रूप लिहितात, शब्दही एकच आहे. फरक बोलण्यातल्या एका स्वराचा. पण येरेवानमध्ये कुणाला 'अख्पार' म्हटलं, तर त्याचा अर्थ भाऊ असा होत नाही. बाहेरून आलेला, आपल्या बोलीची टर उडवावी असा, रांगेत आपल्या पुढे उभा राहिलेला उपरा, असा तो अर्थ. भावाला दिलेली हाक शिवी कशी झाली, हे कळायला तीन-चार देश फिरावे लागतात आणि त्या फिरण्याचा शेवट लॉस एंजेलिसमध्ये होतो.

या शहराच्या पूर्व हॉलिवूड भागाला नगर परिषदेने ६ ऑक्टोबर २००० रोजी 'लिटल आर्मेनिया' असं अधिकृत नाव दिलं. त्याच भागाचा काही पट्टा वर्षभर आधी, १९९९ मध्ये, 'थाय टाउन' ठरला होता, त्यामुळे दोन्ही पाट्या एकाच रस्त्यावर दिसतात. उत्तरेला लागून ग्लेंडेल आहे. दोन लाखांच्या आसपास वस्तीचं हे वेगळं शहर, आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसं आर्मेनियन वंशाची. बैरूत, तेहरान, येरेवान, इस्तंबूल, अलेप्पो, बगदाद अशा सगळ्या ठिकाणचं आर्मेनियन इथे एकाच दुकानात कानावर पडतं. या शब्दाची दोन्ही रूपं जिथे शेजारीशेजारी नांदतात, अशी जागा जगात क्वचितच असेल.

शब्द मुळात आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत 'भ्रातृ' ज्या मुळातून आला, त्याच मुळातून हाही आला. ते पटकन लक्षात येत नाही, कारण आर्मेनियनने जुन्या शब्दांची मोडतोड फार केली आहे. या भाषेला शब्दाच्या सुरुवातीला व्यंजन आणि लगेच 'र' असा जोड चालत नव्हता. ती दोन्ही वर्णांची अदलाबदल करायची. आपल्याकडे बोलण्यात नुकसानचं 'नुस्कान' होतं, लखनौचं 'नखलौ' होतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे 'भ्र'चं झालं 'र्ब'. पण 'र'ने शब्द सुरू करणंही या भाषेला जड जायचं, म्हणून आधी एक 'ए' जोडला गेला. 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणणाऱ्या जिभेला हे सांगायला नको. झालं 'एर्बायर'. मधला 'त' विरघळून 'य' झाला, तसा तो आई-बापाच्या शब्दांतही झाला आहे: मातृ आणि 'मायर', पितृ आणि 'हायर'. एकाच शब्दात दोन 'र' नकोसे झाले म्हणून पहिल्याचा 'ल' झाला. मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली आणि बायबलचं भाषांतर झालं, तेव्हा हा शब्द 'एल्बायर' या रूपात कागदावर आला. पुढे तो जाड 'ल' घशात जाऊन 'घ' झाला, बोलीत तो 'ख' झाला, आणि उरलं अख्पेर आणि अख्पार.

अशीच अदलाबदल 'सुर्ब' या शब्दात आहे. त्याचा अर्थ पवित्र. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृत 'शुभ्र'शी लावतात: तिथेही 'भ्र'चा 'र्ब' झालेला दिसतो. पश्चिमी आर्मेनियन, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून बाहेर पडलेल्यांची भाषा, बोलणारे त्याचा उच्चार 'सुर्प' असा करतात आणि संताच्या नावाआधी तो लावतात. हॉलिवूडमधलं 'सुर्प गराबेद' चर्च त्यातलंच. त्या दाराशी उभ्या असलेल्या मराठी माणसाला सहसा कळणार नाही की या नावातला पहिला शब्द आपल्या घरचा आहे.

आर्मेनियन ही आपल्या भाषाकुळातली स्वतंत्र शाखा आहे, हे जर्मन पंडित हाइनरिश ह्यूब्शमान यांनी १८७५ मध्ये सिद्ध केलं. तोवर ती इराणीचीच एक बोली समजली जायची, आणि त्याला कारण होतं. पर्शियन आणि पार्थियन शब्दांची इतकी दाट भर तिच्यात पडली आहे की तळची जमीन दिसत नाही. 'अस्बारेझ' हा शब्द घ्या. फ्रेस्नो या कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या गावी १९०८ मध्ये या नावाचं वृत्तपत्र सुरू झालं. पुढे ते लॉस एंजेलिसला हललं आणि आजही निघतं. अस्बारेझ म्हणजे रिंगण, आखाडा, माणसाने स्वतःला अजमावण्याची जागा. मूळ अर्थ घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. त्यातला 'अस्प' म्हणजे आपला 'अश्व', इराणी वाटेने आलेला. ह्यूब्शमान यांनी असे उसने शब्द एका बाजूला काढले, तेव्हा खाली जे उरलं त्यात एल्बायर होता.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्रीकमध्ये याच मुळातला 'फ्राटेर' हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ सख्खा भाऊ नाही. एका कुळसंघातला, एका पंगतीतला माणूस म्हणजे फ्राटेर. सख्ख्या भावासाठी ग्रीकांनी 'आदेल्फोस' हा वेगळा शब्द घडवला: एका गर्भातला, आपला 'सहोदर'. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांनी यावरून असं मांडलं की या शब्दाचा सुरुवातीचा अर्थच रुंद असावा. रक्ताचा असो वा नसो, आपल्यातला म्हणून धरलेला तो भाऊ. हे मला पटतं. म्हणूनच या शब्दाचं पुढे काय झालं, ते जास्त लागतं.

कॅलिफोर्नियात आलेले पहिले आर्मेनियन फ्रेस्नोला आले. १८८१ मध्ये सेरोपियन बंधू तिथे पोचले, आणि द्राक्षं, बेदाणे, अंजिरांच्या मागे बाकीची मंडळी आली. तिथल्या गोऱ्यांनी त्यांना 'फ्रेस्नो इंडियन' असं हिणवलं. काही वस्त्यांत घराच्या खरेदीखतातच अट असायची की हे घर आर्मेनियनाला विकता येणार नाही. लॉस एंजेलिसला वस्ती त्यामानाने उशिरा वाढली. १९०५ च्या सुमारास कार्स प्रांतातली काही कुटुंबं बॉइल हाइट्स भागात उतरली, रशियन मोलोकन पंथीयांच्या शेजारी. ऑटोमन तुर्कस्तानातल्या १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेले नंतर आले. गालिचे विकणं, किराणा, कचरागाड्या, भाजीचा घाऊक धंदा यांत ते शिरले. अराम येरेत्झियन यांनी १९२३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात या शहरातल्या आर्मेनियनांवर प्रबंध लिहिला. त्या पिढीची सर्वांत जुनी सलग नोंद तीच. त्यांच्या आडनावातला 'येरेत्स' म्हणजे वडीलधारा, आणि त्यावरून चर्चचा पुरोहित.

१९२३ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद यांच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा नेमका हाच होता की त्यांची भाषा युरोपीय भाषांच्या कुळातली आहे. न्यायालयाने म्हटलं, 'आर्य' हा शब्द भाषेबद्दल काही सांगतो, माणसाच्या रक्ताबद्दल नाही. भ्राता आणि ब्रदर हे शब्द भाऊ असतील, ते बोलणारे नाहीत. थिंद यांच्या वकिलांत लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित होते. ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. या निकालानंतर सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला खटला भरला. तो त्यांनी स्वतः लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला.

थिंद निकालाच्या जोरावर सरकारने पुढचा मोर्चा आर्मेनियनांकडे वळवला. पोर्टलंड इथले गालिच्यांचे व्यापारी तातोस कार्तोझियन यांच्यावर खटला झाला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. १९२५ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की आर्मेनियन गोऱ्यांत सहज मिसळतात, लग्नं करतात, म्हणून ते गोरेच. एका निकालाने एक दार बंद झालं, दुसऱ्याने दुसरं उघडलं. दोन्हीकडे भाषा एकाच कुळातल्या होत्या. त्यामुळे 'कोण आपला' हा प्रश्न शब्दांच्या मुळावरून सुटत नाही, हे शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने आधी मान्य केलेलं बरं.

परक्यांनी दिलेली नावं आर्मेनियनांनी पचवली. त्यांच्याकडे परक्यासाठी त्यांचा स्वतःचा शब्द होताच: 'ओदार', म्हणजे जो 'हाय' नाही तो. आर्मेनियन स्वतःला 'हाय' म्हणतात, भाषेला 'हायेरेन' आणि देशाला 'हायास्तान'. शेवटचा 'स्तान' म्हणजे आपलं 'स्थान', इराणीतून आलेलं. आर्मेनिया हे नाव त्यांच्या बोलण्यात जवळजवळ येतच नाही. हाय आणि ओदार यांच्यातली भिंत पक्की होती. अख्पार हा शब्द बिघडला तो या भिंतीच्या आत, हाय माणसांनी हाय माणसांना उद्देशून वापरल्यामुळे.

२१ नोव्हेंबर १९४५ रोजी स्टालिन सरकारने फर्मान काढलं की जगभर विखुरलेल्या आर्मेनियनांनी सोव्हिएत आर्मेनियात परत यावं. कार्स आणि अर्दाहान हे प्रांत तुर्कस्तानकडून मागण्याचा तेव्हा बेत होता, आणि त्यासाठी तिथे वसवायला माणसं दाखवायची होती. पण सीरिया, लेबनॉन, ग्रीस, फ्रान्स, इराण, इजिप्त इथल्या छावण्यांत आणि झोपडपट्ट्यांत तीस वर्षं काढलेल्या लोकांनी त्यात राजकारण पाहिलं नाही. त्यांनी 'हायरेनिक' हा शब्द ऐकला. हायर म्हणजे पिता, हायरेनिक म्हणजे पित्याची भूमी. १९४६ ते १९४८ या काळात सुमारे नव्वद हजार माणसं काळ्या समुद्रावरच्या बातुमी बंदरात उतरली आणि तिथून आगगाडीने येरेवानला गेली. फ्रान्समधून सात हजारांच्या आसपास आले. अमेरिकेतूनही तीनशेच्या घरात गेले. पहिली तुकडी १९४७ मध्ये न्यूयॉर्कहून 'रोसिया' जहाजाने निघाली. त्यात डेट्रॉइटचा टॉम मुरादियन नावाचा तरुण होता. त्याने पुढे त्या वर्षांवर पुस्तक लिहिलं.

सरकारी कागदांत या लोकांना 'हायरेनादार्त्स' म्हणत, म्हणजे पितृभूमीला परतलेले. खरं तर परतलेले ते नव्हतेच. त्यांची गावं मराश, झेयतून, अराबकीर होती, आणि ती सगळी तुर्कस्तानात राहिली होती. येरेवान त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. शहराच्या कडेला त्यांनी दगड-मातीची घरं बांधली आणि वस्त्यांना जुन्या गावांची नावं दिली गेली: नोर मराश, नोर झेयतून, नोर सेबास्तिया. आधीच्या निर्वासितांनी विसाच्या दशकातच नोर अराबकीर वसवलं होतं. 'नोर' म्हणजे नवा. तोही 'नव'चा भाऊबंद.

त्या काळात येरेवानमध्ये पाव रेशनवर होता. युद्धात प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलेलं होतं. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारने चलन बदललं आणि लोकांची साठवलेली पुंजी एका रात्रीत आटली. अशा शहरात हे लोक उतरले. अंगात परदेशी कोट, ट्रंकेत विकायला आणलेलं कापड, तोंडी वेगळ्या वळणाचं आर्मेनियन, कित्येकांच्या तोंडी तर तुर्कीच. ते एकमेकांना रस्त्यात, रांगेत, बाजारात सारखी 'अख्पार, अख्पार' अशी हाक मारत. मूळच्या रहिवाशांच्या, म्हणजे 'तेघात्सी' लोकांच्या, कानावर दिवसभर तोच शब्द पडायचा. त्यांनी तो उचलला आणि आलेल्यांनाच चिकटवला. पोरं शाळेत नव्या पोरांना त्या नावाने चिडवू लागली. कार्यालयांत, कारखान्यांत, बसमध्ये तो शब्द ठरून गेला. १३-१४ जून १९४९ च्या रात्री हजारो लोकांना घरातून उचलून मालगाड्यांतून सायबेरियाच्या अल्ताई भागात धाडण्यात आलं, आणि त्यांत या 'परतलेल्यां'चा भरणा मोठा होता. त्यांच्या जाण्याने शेजाऱ्यांना फार वाईट वाटलं असेल असं वाटत नाही. शब्दाने तेवढी वाट आधीच करून ठेवली होती.

नव्याने आलेल्यांची आपसातली हाक हेच त्यांचं नाव व्हावं, ही गोष्ट फक्त येरेवानची नाही. मुंबईने दोनदा हेच केलं आहे. उत्तर प्रदेशातून आलेले दूधवाले, टांगेवाले एकमेकांना 'भैया' म्हणत. आम्ही मराठी माणसांनी तो शब्द त्यांचं नाव केला, आणि पुढे त्यात तुच्छता भरली. दक्षिणेकडून आलेले हॉटेलवाले थोरल्याला 'अण्णा' म्हणत, तर आमच्या लेखी ते सगळेच अण्णा झाले. त्यात निदान विष कमी राहिलं. भैया हा शब्द 'भ्रातृ'तूनच आला, म्हणजे मुळाने तो अख्पारचाच भाऊ. विदर्भात, खानदेशात आजही थोरल्या भावाला भैया म्हणणारी घरं आहेत, आणि मान्यवरांना आदराने 'भैयाजी' म्हणतात. तोच शब्द नागपूरहून आगगाडीत बसला की मुंबईला उतरेपर्यंत शिवी होतो. एकाच मुळाच्या दोन शब्दांवर, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन शहरांत, हुबेहूब सारखा प्रसंग ओढवला आहे. शब्दांच्या इतिहासात इतकी जवळची जोडी मला दुसरी माहीत नाही. आणि ती फक्त कुतूहलाची बाब आहे असंही मला वाटत नाही. लोकलमध्ये तो शब्द ऐकताना आता मला येरेवानची पावाची रांग आठवते.

अख्पारांनी येरेवानला जे दिलं, ते तिथल्या जुन्या माणसांनाही मान्य आहे. त्यात सर्वांत ठळक म्हणजे कॉफी. सोव्हिएत शहर चहाचं होतं. या लोकांनी बैरूत-अलेप्पोहून पितळी हातचक्क्या आणि 'जेझवे' आणले. जेझवे म्हणजे लांब दांड्याचं, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळतं छोटं भांडं. त्यात पिठासारखी बारीक दळलेली कॉफी, साखर आणि गार पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं. ढवळायचं ते सुरुवातीलाच. कडेने फेस चढू लागला की नजर हलवायची नाही. तो तोंडाशी येऊन फुटायच्या आत भांडं उचलायचं, आधी प्रत्येक कपात चमचाभर फेस वाटायचा आणि मग कॉफी ओतायची. कप बिनफेसाचा आला तर पाहुण्याचा मान राहिला नाही असं समजतात. कॉफीला शब्द आहे 'सुर्च'. 'सेव चुर', म्हणजे काळं पाणी, यावरून तो आला असं घरोघरी सांगतात. ही लोकांनी रचलेली व्युत्पत्ती असावी, पण सांगणाऱ्याचा चेहरा पाहून ती खोडावीशी वाटत नाही.

१९५६ मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ख्रिस्तियाँ पिनो येरेवानला आले, तेव्हा फ्रान्सहून गेलेल्या आर्मेनियनांनी त्यांना गाठून परत नेण्याची विनवणी केली. तिथून दार किलकिलं झालं. सत्तरच्या दशकात सोव्हिएत सरकार परवाने देऊ लागलं, आणि परदेशात नातेवाईक असलेली अख्पार कुटुंबं बाहेर पडणाऱ्यांत पुढे होती. बहुतेकांनी लॉस एंजेलिसची वाट धरली. तोवर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं रुंद केली होती. १९७५ मध्ये लेबनॉनचं यादवी युद्ध पेटलं, १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, आणि दोन्ही देशांतले आर्मेनियन त्याच शहरात येऊन थडकले.

आणि आता नावं पुन्हा वाटली गेली. आर्मेनियनमध्ये गावावरून माणसाचं नाव करायला '-त्सी' हा प्रत्यय आहे, आपल्या '-कर'सारखा. खारपेर्तचा तो खारपेर्तसी, मराशचा तो मराश्त्सी, इस्तंबूलचा तो बोल्सेत्सी. देशावरून सांगायचं तर 'हाय' मागे जोडतात. इराणहून आलेला पार्स्काहाय, लेबनॉनचा लिबनानाहाय. सोव्हिएत आर्मेनियातून आलेला प्रत्येक जण हायास्तानत्सी. तीस वर्षं येरेवानमध्ये ज्यांना 'अख्पार' म्हणून बाहेरचं ठरवलं, ते हॉलिवूडमध्ये उतरले तेव्हा बैरूतहून आलेल्यांच्या, म्हणजे कधीकाळी बरोबर छावणीत राहिलेल्यांच्या, डोळ्यांत 'हायास्तानत्सी' झाले. त्यांच्या बोलण्यात आता रशियन शब्द होते. त्यांच्या मुलांचा स्वर बदलला होता, ती 'अख्पेर' म्हणत होती. एकाच आयुष्यात एका माणसाला आपल्याच लोकांनी दोन उलट कारणांनी परकं म्हणावं, हे मला या साऱ्या कथेतलं सर्वांत कठीण वाटतं.

आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरूनही कोण कुठल्या लाटेत आला, याचा अंदाज बांधता येतो. जुन्या पश्चिमी कुटुंबांचं आडनाव '-इयन' असं संपतं, सोव्हिएत कागदपत्रांवरून आलेल्यांचं '-यान' असं. प्रत्यय तोच, अर्थ 'त्या घराण्यातला'. त्याच्या आधीचा भाग पुष्कळदा तुर्की व्यवसायवाचक असतो. १९८३ ते १९९१ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असलेले जॉर्ज ड्यूकमेजियन यांचं घराणं आयन्ताबचं. 'दोकमेजी' म्हणजे धातू ओतणारा, ओतारी. तेर्झियन म्हणजे 'तेर्झी'च्या घराण्यातला, तो फारसी 'दर्जी'च. तोपचियान या आडनावात तर आपला 'तोपची' जसाच्या तसा बसला आहे. तो '-ची' प्रत्यय तुर्कीतून फारसीमार्गे मराठीत आला, मशालची आणि खजानचीसारखा. 'सिस्टिम ऑफ अ डाउन' या रॉक बँडमधले शावो ओडाजियन यांच्या नावात 'ओदाजी' आहे, म्हणजे खोल्यांची उठाठेव करणारा. त्या चौघांतले सर्ज टँकियन आणि जॉन डोल्मायान लेबनॉनमध्ये जन्मले, शावो येरेवानमध्ये, आणि दारोन मलाकियन हॉलिवूडमध्ये, इराकहून आलेल्या आई-बापांच्या पोटी. पैकी तिघे लिटल आर्मेनियातल्या रोझ अँड अॅलेक्स पिलिबोस शाळेत शिकले. १९६९ ची ही शाळा.

अशा शाळेत शिक्षकाला पहिला प्रश्न पडतो की कुठलं आर्मेनियन शिकवायचं. पश्चिमी बोलणाऱ्याचा बेद्रोस पूर्वेकडचा पेत्रोस असतो, क्रिकोर हा ग्रिगोर, हागोप हा हाकोब. अक्षरं तीच, 'प' आणि 'ब', 'क' आणि 'ग' यांनी जागा बदललेल्या. शिवाय सोव्हिएत आर्मेनियाने १९२२ मध्ये शुद्धलेखन बदललं, बाहेरच्यांनी जुनंच ठेवलं. इराणचे आर्मेनियन तिसऱ्याच वाटेने गेले. त्यांची बोली पूर्वेची आणि लेखन जुनं. त्यांचा 'र'ही सौम्य, इंग्रजीसारखा लागतो. एकाच वर्गातल्या तीन मुलांच्या घरी एकच शब्द तीन तऱ्हांनी बोलला-लिहिला जातो. युनेस्कोने २०१० मध्ये पश्चिमी आर्मेनियनची गणना धोक्यातल्या भाषांत केली. तिचा स्वतःचा देश नाही, तिची गावं रिकामी झाली आहेत. लॉस एंजेलिससारखी शहरं एवढाच तिचा आधार उरला आहे.

म्हणून ग्लेंडेलच्या रस्त्यावर पोरं काय बोलतात, याकडे कान देण्यासारखं आहे. बैरूतच्या घरातला मुलगाही मित्रांत 'अख्पेर' म्हणताना ऐकू येतो. येरेवानहून आलेल्यांची संख्या वाढली, तसा त्यांचा स्वर रस्त्यावर पुढे आला. घरी आजीशी बोलताना तो मुलगा पुन्हा 'अख्पार'वर येतो, आणि आजीच्या तोंडी त्या शब्दात अपमान औषधालाही नसतो. तिचे आई-बाप १९४७ मध्ये जहाजावर चढले नव्हते, ते बैरूतमध्येच राहिले. येरेवानमध्ये मात्र तो स्वर आता मुख्यतः टोमण्यातच जिवंत आहे. ज्या कुटुंबांनी तो सोसला, त्यांची नातवंडं अलीकडे 'आम्ही अख्पार' असं स्वतःहून सांगतात, त्या नावाने आठवणी लिहितात, आजी-आजोबांची जहाजाची तिकिटं आणि फोटो जमवतात. शब्द त्यांनी परत मागून घेतला आहे, असं म्हणता येईल. तो पुरता परत मिळाला की नाही, हे येरेवानच्या शाळांतली पोरं ठरवतील. सीरियातल्या युद्धानंतर अलेप्पोहून हजारो आर्मेनियन तिथे आले आहेत, आणि त्यांची मुलंही घरात भावाला 'अख्पार' अशीच हाक मारतात.